इलेक्ट्रिक कार घेताय? 'रेंज किती' याआधी 'बॅटरी कोणती' हे का विचारायला हवं?

इलेक्ट्रिक कारच्या शोरूममध्ये गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'एका चार्जमध्ये किती जाते?' दुसरा प्रश्न किमतीचा आणि तिसरा, 'बॅटरी किती वर्षं टिकते?' पण आतली बॅटरी कोणत्या प्रकारची आहे, हे फार कमी लोक विचारतात. खरं तर पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बऱ्याच अंशी या चौथ्या प्रश्नावर अवलंबून असतात.

इलेक्ट्रिक कारवर जीएसटी ५ टक्केच आहे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात या गाड्यांना टोलमाफी मिळाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटल सेतूवर ती लागूही झाली. त्यामुळे मध्यमवर्गीय घरांतही आता 'पुढची गाडी इलेक्ट्रिकच घ्यायची का?' ही चर्चा होते. पण १५-२० लाखांच्या गाडीचं कर्ज पाच-सात वर्षं फेडायचं असतं. या गाडीतला सर्वात महाग भाग असतो बॅटरी. तो चुकीचा निवडला किंवा चुकीचा वापरला, तर फटका थेट खिशाला बसतो.

बॅटरीचा आकडा कसा वाचायचा?

जाहिरातीत ३८, ४५, ५९ किंवा ७९ किलोवॅट-अवर असे आकडे दिसतात. हे बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप. ते समजायला सोपं आहे, कारण महावितरणच्या बिलावरचं १ युनिट म्हणजेच १ किलोवॅट-अवर. ४५ किलोवॅट-अवरची बॅटरी म्हणजे ४५ युनिट वीज मावणारी टाकी. चार्जिंग करताना थोडी वीज वाया जाते, त्यामुळे ती भरायला मीटरवर चार-पाच युनिट जास्त पडतात.

आता रेंज. टाटा नेक्सॉन ईव्हीच्या ४५ किलोवॅट-अवरच्या मॉडेलची चाचणीत मोजलेली रेंज ४८९ किलोमीटर आहे. म्हणजे एका युनिटला जवळपास ११ किलोमीटर. पण ही चाचणी ठरावीक वेगाने, ठरावीक परिस्थितीत होते. एसी लावून, घाट चढून, एक्स्प्रेसवेवर शंभरच्या वेगाने जाताना हा आकडा मिळत नाही. या आकाराच्या गाड्या रोजच्या वापरात युनिटला साधारण ६ ते ८ किलोमीटर देतात. म्हणजे खरा हिशोब २७० ते ३६० किलोमीटरचा. बॅटरीचे युनिट गुणिले सात, हे गणित शोरूममध्ये उभ्या उभ्याही करता येतं.

एलएफपी आणि एनएमसी म्हणजे काय?

'आमच्या गाडीत लिथियम-आयन बॅटरी आहे' असं विक्रेता सांगतो, तेव्हा त्याने फारसं काही सांगितलेलं नसतं. आज विकल्या जाणाऱ्या जवळपास सगळ्याच इलेक्ट्रिक कारमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. फरक असतो तिच्या आतल्या रसायनात. कारच्या बाबतीत दोन नावं महत्त्वाची आहेत.

एलएफपी म्हणजे लिथियम, लोह आणि फॉस्फेट. यात निकेल किंवा कोबाल्टसारखे महाग धातू नसतात, त्यामुळे ती स्वस्त पडते. एनएमसी म्हणजे निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट. ही महाग असते, पण तेवढ्याच वजनात जास्त वीज साठवते. एलएफपी सेलमध्ये एका किलो वजनामागे साधारण १६० ते १८० वॉट-अवर वीज मावते. एनएमसी सेल २२० च्या पुढे जातो. म्हणून हलकी आणि लांब पल्ल्याची गाडी बनवायची असेल, तर कंपन्या एनएमसीकडे वळतात.

एलएफपीचा शोध अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात लागला. १९९७ च्या मूळ शोधनिबंधावर जॉन गुडइनफ यांच्यासोबत अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी या दोन भारतीय नावांचाही समावेश आहे. गुडइनफ यांना २०१९ मध्ये लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

'ब्लेड बॅटरी' हा शब्दही हल्ली कानावर पडतो. ते वेगळं रसायन नाही. चीनच्या बीवायडी कंपनीने एलएफपीचे सेल लांब, चपट्या पात्यांसारखे बनवले आणि त्या रचनेला हे नाव दिलं.

कोणत्या गाडीत कोणती बॅटरी आहे?

भारतात लोकप्रिय असलेल्या बहुतेक गाड्या आता एलएफपीवर चालतात. टाटाची नेक्सॉन ईव्ही आणि हॅरियर ईव्ही, एमजीची विंडसर, चाकणमध्ये बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई, मारुतीची ई-विटारा या सगळ्या एलएफपीवाल्या. ह्युंदाई क्रेटा इलेक्ट्रिक मात्र एनएमसी बॅटरी घेऊन बाजारात आली. किया ईव्ही६ मध्येही एनएमसीच आहे.

कधीकधी एकाच गाडीत दोन्ही प्रकार मिळतात. टेस्लाने जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला पहिलं शोरूम उघडलं. तिथे ठेवलेली मॉडेल वाय ही गाडी शांघायच्या कारखान्यातून येते. तिच्या कमी किमतीच्या प्रकारात एलएफपी आणि लांब पल्ल्याच्या प्रकारात एनएमसी असते. त्यामुळे गाडीचं नाव पाहून बॅटरी कोणती हे गृहीत धरता येत नाही. व्हेरिएंटनुसार विचारावं लागतं.

आगीचा धोका कोणत्या बॅटरीला जास्त?

मार्च २०२२ मध्ये पुण्यातल्या लोहगावात रस्त्याकडेला उभ्या इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. त्या उन्हाळ्यात अशा अनेक घटना घडल्या. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षा चाचण्या कडक केल्या. हे नियम दोन टप्प्यांत, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अखेर, लागू झाले.

रसायनाच्या दृष्टीने एलएफपी जास्त सुरक्षित मानली जाते. त्यातल्या फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो. सेल खूप तापला तरी तो सहजासहजी सुटत नाही. एनएमसीमध्ये तुलनेने कमी तापमानाला ऑक्सिजन बाहेर पडू लागतो आणि तो आगीला बळ देतो. पण याचा अर्थ एलएफपी जळतच नाही असा नाही. दोन्हींतला द्रव ज्वलनशील असतो. अपघातात पॅक चेपला, आत पाणी शिरलं किंवा जुळणीत दोष राहिला तर धोका दोन्हींना आहे. म्हणून बॅटरी थंड ठेवणारी यंत्रणा कशी आहे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा.

बॅटरी खरंच किती वर्षं टिकते?

एकदा पूर्ण भरून पूर्ण रिकामी होणं म्हणजे एक सायकल. एलएफपी साधारण २,००० ते ३,००० किंवा त्याहून जास्त सायकल सहन करते. एनएमसीचा आकडा ढोबळमानाने १,००० ते २,००० धरतात.

हे प्रत्यक्षात किती होतं? समजा गाडी एका चार्जमध्ये ३०० किलोमीटर जाते आणि रोजचं येणं-जाणं ४० किलोमीटर आहे. वर्षाला १४,६०० किलोमीटर झाले. म्हणजे वर्षाला जेमतेम ४९ सायकल. १,००० सायकल संपायलाच वीस वर्षं लागतील.

याचा अर्थ घरगुती वापराच्या गाडीची बॅटरी किलोमीटरने क्वचितच थकते. तिचे दोन मोठे शत्रू म्हणजे उष्णता आणि वय. गाडी नुसती उभी असली तरी बॅटरी हळूहळू झिजते. ऊन आणि पूर्ण भरलेला चार्ज एकत्र आले की ही झीज वाढते. अकोला, चंद्रपूर, नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. तिथल्या ग्राहकासाठी ५० किलोमीटर जास्त रेंजपेक्षा द्रवाने थंड होणारी बॅटरी आणि सावलीतलं पार्किंग जास्त मोलाचं आहे.

टॅक्सीसाठी गाडी घेणाऱ्याचं गणित वेगळं. तो दिवसाला २००-२५० किलोमीटर चालवतो आणि वारंवार फास्ट चार्जिंग करतो. त्याच्यासाठी सायकलचा आकडा खरोखर कामाचा आहे आणि तिथे एलएफपी उजवी ठरते.

८० टक्के चार्ज करायची की १००?

इथेच सर्वात जास्त गोंधळ होतो. 'मोबाइलसारखं ८० टक्क्यांवर थांबवा' हा सल्ला एनएमसीसाठी योग्य आहे. रोज ८० टक्के, लांबच्या प्रवासाआधी १०० टक्के.

एलएफपीचं तसं नाही. तिचा व्होल्टेज चार्ज कमी होत असतानाही बराच वेळ जवळपास सारखाच राहतो. त्यामुळे किती चार्ज उरला याचा गाडीतल्या संगणकाचा अंदाज चुकत जातो. स्क्रीनवर १५ टक्के दिसत असताना प्रत्यक्षात कमी उरलेले असू शकतात. हा हिशोब पुन्हा जुळावा म्हणून अधूनमधून पूर्ण चार्ज करावं लागतं. टेस्ला आपल्या एलएफपी गाड्या आठवड्यातून एकदा १०० टक्के भरायला सांगते. इतर कंपन्यांच्या सूचना त्यांच्या माहितीपुस्तिकेत असतात, त्या पाळाव्यात.

मात्र गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर दोन्ही प्रकारांना नियम एकच. गणपतीला दहा-बारा दिवस रेल्वेने कोकणात जायचं असेल आणि गाडी मुंबईतच राहणार असेल, तर ती १०० टक्के भरून ठेवण्यापेक्षा निम्म्याच्या आसपास ठेवलेली बरी.

'लाइफटाइम वॉरंटी' किती खरी?

बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर ही वॉरंटी सर्वसाधारण आहे. २०२४ पासून महिंद्रा आणि टाटा यांनी काही मॉडेल्सवर 'लाइफटाइम' वॉरंटी देऊ केली. पण त्यातल्या अटी वाचायला हव्यात.

महिंद्राने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई बाजारात आणताना ही सोय खासगी वापराच्या पहिल्या मालकासाठी ठेवली. गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली की ती १० वर्षं किंवा २ लाख किलोमीटरवर येते. टाटाच्या बाबतीतही ही सोय पहिल्या मालकासाठीच असून 'लाइफटाइम' म्हणजे १५ वर्षं. त्यामुळे सेकंड हँड गाडी घेणाऱ्याने विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर न जाता उरलेली वॉरंटी कंपनीकडून लेखी तपासून घ्यावी.

दुसरी गोष्ट, वॉरंटी कधी लागू होते? बॅटरीची क्षमता थोडी कमी होणं हे नैसर्गिक धरलं जातं. अनेक कंपन्या ७० टक्क्यांची मर्यादा ठेवतात. क्षमता ७२ टक्क्यांवर आली, रेंज सव्वाशे किलोमीटरने घटली, तरी वॉरंटीत काही मिळणार नाही.

तिसरी गोष्ट पावसाळ्याची. आयपी६७ दर्जाचा पॅक एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो, असं मानक सांगतं. पण हिंदमाता किंवा अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पाणी तुंबतं तेव्हा ते घड्याळ बघत नाही. पुरात भिजून झालेलं नुकसान हा सहसा वॉरंटीचा नाही, तर विम्याचा विषय असतो. पॉलिसीत बॅटरीचं वेगळं संरक्षण आहे का, हे आधी पाहावं.

बॅटरीची जोखीमच नको असेल तर भाड्याची योजनाही आहे. एमजीने सप्टेंबर २०२४ मध्ये विंडसर आणली तेव्हा बॅटरीविना किंमत ९.९९ लाख आणि बॅटरीसाठी किलोमीटरमागे साडेतीन रुपये, असा पर्याय दिला होता. वर्षाला १५ हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे यात ५२ हजार ५०० रुपये जातात आणि चार्जिंगची वीज वेगळी. फिरणं जास्त असेल तर हा पर्याय महाग पडू शकतो.

यात चीनचा संबंध काय?

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनुसार २०२४ मध्ये जगभरातल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीत एलएफपीचा वाटा जवळपास निम्मा होता. पण एलएफपीचे सेल जवळजवळ सगळेच चीनमध्ये बनतात. जुलै २०२५ मध्ये चीनने एलएफपीचा मुख्य कच्चा माल बनवण्याचं तंत्रज्ञान परवानगीशिवाय परदेशी देण्यावर निर्बंध घातले.

भारताने २०२१ मध्ये देशात सेल बनवण्यासाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली, पण तिची गती संथ राहिली. टाटा समूहाचा साणंदचा प्रकल्प आणि एक्साइड, अमरा राजा यांचे कारखाने यावर आता भिस्त आहे. गाडी पुण्यात बनली तरी तिचा सेल बाहेरून येत असेल, तर वॉरंटी संपल्यावर बॅटरीची किंमत काय असेल हे पुण्यात ठरणार नाही. लांब वॉरंटीचं महत्त्व त्यामुळे आणखी वाढतं.

नव्या बॅटरीसाठी थांबावं का?

सोडियम-आयन बॅटरीत लिथियम लागत नाही. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने पुण्यातल्याच आयसर संस्थेसोबत विकसित केलेलं असं तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. चीनच्या सीएटीएलने २०२५ मध्ये आपली सोडियम बॅटरी आणली. सॉलिड-स्टेट बॅटरीसाठी टोयोटाने २०२७-२८ चं लक्ष्य ठेवलं आहे. पण नवं तंत्रज्ञान आधी महागड्या गाड्यांत येतं आणि सामान्यांच्या बजेटपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. गाडीची गरज आज असेल, तर त्यासाठी थांबण्यात फारसा अर्थ नाही.

मग शोरूममध्ये काय विचारायचं?

- या व्हेरिएंटमध्ये एलएफपी आहे की एनएमसी?
- बॅटरी थंड करायला द्रव वापरला आहे की फक्त हवा?
- वॉरंटी किती टक्के क्षमतेपर्यंत आहे आणि दुसऱ्या मालकाला काय मिळतं?
- पूर्ण पॅक बदलावा लागतो की त्यातला बिघडलेला भागच बदलता येतो? आजचा खर्च किती?
- रोज किती टक्के चार्ज करायचं, हे पुस्तिकेत कुठे लिहिलं आहे?

रोजचं फिरणं शहरात आणि महिन्यातून एखादी लांबची फेरी असेल, तर महाराष्ट्राच्या हवामानात एलएफपी बहुतेकांसाठी पुरेशी आहे. वारंवार लांबचे प्रवास असतील आणि बजेट मोठं असेल, तर एनएमसीचा विचार करता येईल. मात्र कोणतीही निवडली तरी या पाच प्रश्नांची उत्तरं बुकिंगचे पैसे भरण्याआधी आणि लेखी घ्यावीत.