न बांधलेल्या घरट्यांची मोजणी

इंग्लंडच्या पूर्व भागात शेतांच्या कडेला उन्हाळ्यात एक होला येतो. इंग्रजीत त्याचे नाव टर्टल डव्ह. हिवाळा सहाराच्या दक्षिणेला काढायचा, एप्रिलअखेर उत्तरेकडे यायचे, काटेरी कुंपणात किंवा रानाच्या कडेच्या झुडपात चार काटक्या रचून दोन पांढरी अंडी घालायची आणि ऑगस्ट-सप्टेंबरात माघारी फिरायचे, असा त्याचा क्रम. एकेकाळी तो तिथे सर्रास दिसे. गेल्या अर्धशतकात त्याची संख्या सुमारे ९८ टक्क्यांनी घटली. ब्रिटनमध्ये २०२१ साली देशव्यापी मोजणी झाली, तेव्हा जेमतेम २,१०० जोड्या असल्याचा अंदाज निघाला.

एवढी घट झाली म्हणजे घरटी मोडत असणार, कावळ्याच्या कुळातले पक्षी अंडी पळवत असणार, असे कोणालाही वाटेल. ब्रिटनमध्ये पक्षिमित्र प्रत्येक घरट्याचे कार्ड भरतात. १९४१ ते २००० या काळातली ही कार्डे तपासली, तेव्हा दर घरट्यामागचे यश घसरल्याचे दिसले नाही. घटली होती ती घरट्यांची संख्या. साठच्या दशकात एक जोडी हंगामात सरासरी २.९ वेळा अंडी घाली. नव्वदच्या दशकाअखेर हा आकडा १.६ वर आला. उडण्याइतकी मोठी झालेली पिल्ले जोडीमागे २.१ वरून १.३ वर आली.

वैद्यकात ही फसगत ओळखीची आहे. रुग्णालयात दाखल झालेल्या बाळंतिणींपैकी किती सुखरूप घरी गेल्या, याची चोख नोंद होते. ज्या तिथवर पोहोचल्याच नाहीत, त्या या टक्केवारीत कुठेच नसतात. न बांधलेल्या घरट्याचे कार्ड तरी कोण भरणार?

घरटी कमी का झाली, याचे उत्तर बव्हंशी अन्नात आहे. अंडी उबवायला दोन आठवडे, पिल्ले वाढवायला जवळपास तीन. होल्यांत नर-मादी दोघेही पिलांना ‘दूध’ पाजतात. गळ्याखालच्या पिशवीच्या अस्तरातून ते तयार होते. ते तयार व्हायला आईबापांना भरपूर बी लागते. हंगामाच्या सुरुवातीला गहू पिकलेला नसतो. तेव्हा पोट भरायचे ते तणांच्या बियांवर, विशेषतः पित्तपापड्याच्या जातभाईंवर. तणनाशकांनी ती तणे गेली. साठच्या दशकात होल्याच्या खाण्यात जवळपास सारे तणांचेच बी होते. नव्वदच्या अखेरीस निम्म्याहून अधिक वाटा गहू आणि मोहरीवर्गीय पिकांचा झाला. पुढच्या एका अभ्यासात रानटी बी अधिक मिळालेली पिल्ले जास्त धष्टपुष्ट आढळली. म्हणजे रान शिल्लक आहे, कुंपणेही थोडीफार आहेत, पण घरटे बांधायला नुसती जागा पुरत नाही.

सांडलेल्या धान्यावर इतर कबुतरांबरोबर गर्दी झाली की आणखी एक संकट येते: ट्रायकोमोनास हा घशातला परजीवी. तो दाण्या-पाण्यातून आणि पाजलेल्या दुधातूनही पसरतो. घशात पिवळट चट्टे वाढतात आणि पक्षी गिळू न शकल्याने उपाशी मरतो. पक्ष्यांसाठी ढिगाने धान्य टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

शिकारीचा वाटाही मोठाच. फ्रान्स, स्पेन आणि पोर्तुगालने २०२१ पासून काही वर्षे ती थांबवली होती आणि पश्चिम युरोपातून जाणाऱ्या होल्यांची संख्या लवकरच वाढू लागली. पण वाचलेल्या पक्ष्याला हंगामात दुसरे-तिसरे घरटे करता आले नाही, तर ही वाढ किती काळ टिकेल?

महाराष्ट्रात ठिपकेवाला होला आणि छोटा तपकिरी होला अजून घराच्या वळचणीपर्यंत दिसतात. इथली परिस्थिती इंग्लंडची नाही. मात्र बांध नांगरले जात आहेत, बोरी-बाभळी तुटत आहेत आणि निंदणीला मजूर मिळत नाही म्हणून तणनाशकाचा पंप बांधावरही फिरतो. निंदणीची मजुरी परवडत नाही, तिथे शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पिकातले तण त्याने काढावेच. बांध मात्र फवारणीतून वगळता येईल, आणि कृषी विभागाने तणनाशकाच्या शिफारशीतच तसे लिहावे. कृषी विद्यापीठांनी पक्षिमित्रांच्या मदतीने जोडीमागे घरटी मोजायलाही सुरुवात करावी. आपले होले जवळपास वर्षभर घरटी करतात. त्यामुळे हंगामाची वाट पाहण्याचे कारण नाही.