इंडिकेटर बदला, इंजिन नको!
"माल इथे चालतो, म्हणजे तिकडेही चालणारच" हा हट्ट सोडा. फोर्ड मस्टँगचंच बघा. अमेरिकेत तिचे मागचे इंडिकेटर लाल. युरोपात नियम पिवळ्याचा, म्हणून तिकडे पिवळे दिले. २०१५ पासून ब्रिटनसाठी स्टिअरिंग उजवीकडे घेतलं. १९६०च्या दशकात तर जर्मनीत 'मस्टँग' नावाचा हक्क क्रुप कंपनीकडे होता, म्हणून गाडी चक्क 'टी-५' नावाने विकली! पण व्ही-८ इंजिन? ते काढलं नाही. गिऱ्हाईक त्यासाठीच तर येतं.

आपण नेमकं उलटं करतो. लेबल, माप, पॅकिंग तेच ठेवतो आणि भाव पाडायला मालाचा दर्जा उतरवतो. मग माल परत येतो, भांडवल अडकतं.

तुमच्या धंद्यात इंजिन कोणतं, इंडिकेटर कोणता? आजच वहीत लिहा.