गहू फुकट नव्हता



'अमेरिकेने भुकेल्या भारताला फुकट जगवले' हे गेल्या आठवड्यातील पत्रलेखकाचे विधान मला मुळीच पटले नाही. १९५४ चा अमेरिकेचा पीएल-४८० हा अन्नमदत कायदा तिकडचे शिल्लक धान्य खपवण्यासाठीही होता आणि त्याखाली आलेल्या गव्हाचे पैसे आपण रुपयांत मोजत होतो. (त्यातले १,६६४ कोटी अमेरिकेने १९७४ साली सोडून दिले, हे मान्य.) पण १९६६ च्या दुष्काळात, भारताच्या व्हिएतनामवरील भूमिकेने नाराज झालेल्या अध्यक्ष जॉन्सन यांनी धान्य महिन्याच्या हिशेबाने, हात आखडूनच सोडले. अमेरिकेने एकेकाळी फिलिपिन्स तोफांनी घेतले होते; आपल्याला मात्र भाकरीने नमवू पाहिले. रेणापुरात बहात्तरच्या दुष्काळात मिलोची (आयात केलेल्या लाल ज्वारीची) लाल भाकरी खाल्लेली माणसे अजून आहेत. त्यांच्या शिवारात आज सोयाबीन उभे आहे, आणि अमेरिकेला आता तेही इथे विकायचे आहे.

— एक शेतकरी वाचक, रेणापूर (जि. लातूर)