जहाजातून उतरून एक दिवस

लक्षद्वीपला जायचं तर परवाना आधी काढावा लागतो. नागपुरात बसून तेवढी खटपट केली, आणि अम्मी कवरत्तीसमोरच अडल्या. किनाऱ्याजवळ प्रवाळ, पाणी उथळ. म्हणून आमचं जहाज बाहेरच उभं. हलत्या होडीत उतरायचं. खलाशाने हात पुढे केला. अम्मींचा गुडघा दुखरा, त्यात परक्या माणसाचा हात! शेवटी मी आधी उतरले, खांदा दिला.

उज्रा मशिदीतलं लाकडी कोरीवकाम ह्यांनी पाहून येऊन सांगितलं. अम्मींनी नारळीखाली जोहर पढली, मुसाफिराची, दोन रकात. शेजारच्या बाई मल्याळी बोलणाऱ्या. सलामापुढे काही कळेना, तरी शहाळं हातात आलं.

परतताना अम्मींनी हात स्वतःच पुढे केला. "संभालके, बेटा."