भूगोल पाठ होत नाही? मग साखळी धरा!

मुलांनो,

‘ताई, अकरावीची वार्षिक परीक्षा पंधरा दिवसांवर आलीय. प्राकृतिक भूगोल काही केल्या पाठ होत नाही. रात्री पाठ केलेलं सकाळी विसरते. यंदा नापास झाले तर घरचे पुढं शिकू देणार नाहीत.’ असं पत्र एका मैत्रिणीनं पाठवलंय. अशी धास्ती घेतलेली ती काही एकटीच नाही, म्हणून आजच्या गप्पा तिच्याशी आणि तुम्हां सगळ्यांशीच.

आधी एक गोष्ट पक्की करू या. पाठ होत नाही यात तुमच्या डोक्याचा काही दोष नाही. प्राकृतिक भूगोल ही यादी नव्हेच, ती साखळी आहे. एक घडलं म्हणून दुसरं घडलं, दुसरं घडलं म्हणून तिसरं. एक कडी हातात आली की पुढच्या आपोआप ओढल्या जातात. घोकणारा मात्र सगळ्या कड्या सुट्या करून खिशात भरतो आणि पेपर लिहायला बसेपर्यंत त्यातल्या निम्म्या सांडलेल्या असतात.

आता ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ ही टीप घ्या. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या पुण्याला सातशेच्या आसपास. असं का? समुद्रावरून आलेली बाष्पाची हवा सह्याद्रीला अडते आणि वर चढते. वर हवेचा दाब कमी, म्हणून ती प्रसरण पावते. प्रसरण पावताना स्वतःचीच उष्णता खर्च होते, म्हणून ती थंड होते. थंड हवेत बाष्प धरून ठेवण्याची ताकद कमी, म्हणून ढग होतात आणि पाऊस कोसळतो. डोंगर ओलांडून हवा खाली उतरली की उलटं घडतं. ती दाबली जाते, तापते आणि कोरडी होते. पाऊस ओसरतो.

दाबल्यावर हवा तापते हे खरं वाटत नाही? सायकलमध्ये हवा भरून झाल्यावर पंपाच्या नळीला खालच्या बाजूला हात लावून बघा. चांगली गरम लागते. आता सांगा, यात पाठ करण्यासारखं काय उरलं? ‘म्हणून’ हा शब्द पाच-सहा वेळा लिहिला की उत्तर तयार!

दुसरा धडा नद्यांचा. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि थेट आंध्रच्या किनाऱ्यावर त्रिभुज प्रदेश तयार करते. वाशिष्ठीही सह्याद्रीतलीच, पण तिच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश नाही, खाडी आहे. असं का? कोकणातल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. लांबून गाळ गोळा करायला त्यांना वावच नाही. जो आणतात तो टिकून साचायला मुखाशी भरती-ओहोटीही स्वस्थता देत नाही. ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाला ही जोडी उदाहरण म्हणून लिहा. तपासणाऱ्याला लगेच कळतं की या मुलाला विषय समजलाय.

भूरूपांची नावं मात्र लक्षात ठेवावी लागतात, ते खरं. त्यासाठी एकच तक्ता करा. डाव्या बाजूला पाच कारकं : नदी, वारा, हिमनदी, सागरी लाटा, भूजल. वर दोन रकाने : झीज आणि संचयन. नदीची झीज म्हणजे घळई, ‘व्ही’ आकाराची दरी, रांजणखळगे. नदीचं संचयन म्हणजे पूरतट, पूरमैदान, त्रिभुज प्रदेश. हिमनदीच्या रकान्यात ‘यू’ आकाराची दरी आणि हिमोढ. याप्रमाणे दहा घरं भरली की तो अख्खा धडा एका पानावर येतो. रांजणखळगे बघायचे असतील तर निघोजला कुकडी नदीच्या पात्रात बघा. भोवऱ्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी कठीण बेसॉल्टमध्ये अक्षरशः रांजण कोरलेत!

आकृत्यांना कंटाळू नका. पृथ्वीचं अंतरंग काढताना एक गोष्ट आठवा. १८९७ साली आसामात फार मोठा भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याच्या नोंदी तपासल्या आणि प्राथमिक, दुय्यम आणि भूपृष्ठ अशा लहरी वेगवेगळ्या ओळखल्या. पुढे १९०६ साली भूकंपलहरींच्याच आधारे त्यांनी पृथ्वीला गाभा असल्याचं दाखवलं. दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, हे लक्षात ठेवा. म्हणजे बाह्य गाभा द्रवरूप आहे हे कसं समजलं, त्याचं उत्तर आकृतीतच सापडतं.

आणि एक सावधगिरी. ‘भूकंप भूपट्टांच्या सीमेवरच होतात’ असं बेधडक लिहू नका. ‘बहुतेक भूकंप’ असं लिहा. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा आणि किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, हे दोन्ही भूपट्टाच्या आतल्या भागात झाले. एका शब्दानं उत्तर चुकतं, एका शब्दानं सुधारतं.

आता उरलेल्या दिवसांचं काय? रोज एक धडा घ्या. तो वाचून झाला की पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर त्याची साखळी लिहा. जिथं तुटेल तिथंच पुस्तक उघडा, सगळा धडा पुन्हा वाचत बसू नका. संध्याकाळी आईला किंवा धाकट्या भावंडाला तोच धडा समजावून सांगा. त्यांनी ‘का गं?’ असं विचारलं आणि तुम्ही अडलात, तर तेवढाच भाग कच्चा आहे असं समजा. तिसऱ्या दिवशी तोच कागद न बघता पुन्हा लिहून काढा. शेवटचे दोन दिवस नवीन काही नको. फक्त आकृत्या, नकाशे आणि तक्ता. रात्री जागरण तर मुळीच नको. झोपेतच वाचलेलं मुरतं.

पेपरात प्रश्नाचा शेवटचा शब्द आधी वाचा. ‘कारणे द्या’ म्हटलं असेल तर व्याख्या लिहून पान भरू नका. ‘फरक स्पष्ट करा’ असेल तर दोन रकाने करा आणि मुद्दे समोरासमोर लिहा. आकृती शिसपेन्सिलनं काढा, नावं एका बाजूला ठळक द्या. नकाशाला सूची विसरू नका. गुणांच्या हिशेबानं वेळ वाटून घ्या. एका लाडक्या प्रश्नावर अर्धा तास घालवला तर शेवटचा प्रश्न कोराच राहतो. एखादं नाव आठवलंच नाही तर जागा सोडून पुढं जा, पण प्रक्रिया लिहा. नाव नसलं तरी बरोबर लिहिलेल्या कारणांना गुण मिळू शकतात.

या आठवड्याचा गृहपाठ : अंगणात मातीचा छोटा डोंगर करा, त्यात थोडे खडेही मिसळा. वरून तांब्यानं हळूहळू पाणी ओता. पाण्यानं कुठं खणलं, खडे कुठं थांबले, बारीक गाळ कुठवर गेला, ते बघा. मग पुस्तक न उघडता त्यावर दहा ओळी लिहा. प्रत्येक ओळीत ‘म्हणून’ हवंच!

तुमची,
ताई