अडेलतट्टू कोण?

एक रील आहे. तुमच्याही फोनवर आलंच असेल. लग्नाच्या मांडवापुढे हलगी कडाडतेय, मधोमध बाज ठेवलीय आणि तिच्यावर चारी पाय गोळा करून एक पांढरी घोडी थयथयतेय. मान धनुष्यासारखी वळलेली, तोंडाला फेस, शेपटी सपसप चाललेली. खाली कमेंटमध्ये आगीच्या इमोजींची रांग. 'नाद खुळा', 'काय नाचतीय राव'.

ती नाचत नाहीये.

आधी तिचं तोंड बघा. घोड्याच्या खालच्या जबड्यात पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते. लगामाची कडी नेमकी तिथे बसते. तिथे हाडावर पातळ कातडीशिवाय काही नाही. साधी गुळगुळीत कडीसुद्धा जोरात ओढली तर जनावर तोंड उघडतं. नाचाच्या घोड्यांना पुष्कळदा काटे काढलेली कडी घालतात. मानेला जो डौलदार बाक दिसतो, तो त्या काट्यांपासून तोंड वाचवण्याची धडपड असते. मग पाय. शिकवण्याची रूढ पद्धत अशी, की जनावर दोन खांबांच्या मध्ये आखडून बांधायचं, म्हणजे पुढे जाता येत नाही आणि मागेही सरता येत नाही. मग पायांवर काठी मारत राहायची. हा पाय उचलला की त्या पायावर. शेजारी हलगी चालूच. काही आठवड्यांनी काठीची गरज उरत नाही. हलगी वाजली की पाय आपोआप उचलले जातात, कारण हलगीसोबत काय येतं हे त्या घोडीला पाठ झालेलं असतं. आपण त्याला ताल म्हणतो.

सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने घोडेस्वारीवर एक पुस्तक लिहिलं. जबरदस्तीने करून घेतलेली हालचाल घोड्याला समजतही नाही आणि ती सुंदरही दिसत नाही, असं त्याचं मत होतं, आणि त्यासाठी त्याने दाखला दिला होता तो चाबकाने नाचवलेल्या नर्तकाचा. ज्याचं आयुष्य लढायांत गेलं त्याला हे दिसलं होतं. आपल्याला एचडीमध्ये दिसत नाही.

कायद्याचं म्हणाल तर कायदा आहे. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्राने १९६५ साली केलेल्या नियमांत काटेरी लगामाला साफ बंदी आहे. जनावराला मारहाण करणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. वरातीत घोडीच्या डोक्यावरून ओवाळून टाकलेली पहिलीच नोट त्याहून मोठी असते.

हे मी बारामती-इंदापूरकडे बघून लिहितोय, त्याला कारण आहे. निरवांगीसारखं गाव घ्या. नीरेच्या काठावर, पलीकडे माळशिरस तालुका, अकलूजचा घोडेबाजार हाकेच्या अंतरावर नसला तरी एका सकाळीत जाऊन येण्याइतका जवळ. नदीकाठ उसाचा आणि माळ मेंढरांचा. या पट्ट्याला घोडा नवा नाही. भीमेच्या थडीचं तट्टू म्हणजे मराठ्यांच्या फौजेचा कणा, हे आपण शाळेपासून ऐकतो. राज्यगीतातही ते तट्टू आहे. आणि २०२३-२४मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीला स्वतंत्र भारतीय जात म्हणून नोंदवलं. आनंदाची गोष्ट आहे. बारामतीतल्या ज्या मंडळींनी त्यासाठी पाठपुरावा केला त्यांचं कौतुक करायलाच हवं.

पण हे तट्टू इतकी वर्षं टिकवलं कोणी? पेशवाई गेली, फौजा गेल्या, सरदारांच्या पागा ओस पडल्या. तट्टू राहिलं ते धनगरांच्या वाड्यात. वाडा म्हणजे भिंतींचा नव्हे. चार-पाच कुटुंबं आणि त्यांची मेंढरं मिळून जो फिरता संसार होतो, तो वाडा. दिवाळीनंतर हे वाडे कोकणाकडे सरकतात, पावसाळ्याच्या तोंडाला परत माळावर येतात. सगळं बिऱ्हाड तट्टांच्या पाठीवर असतं: भांडी, वाघर, कालच जन्मलेली कोकरं, पाय बांधलेल्या कोंबड्या, कधी वर बसवलेलं लहान पोरही. मेंढरं घेऊन पुरुष आडरानाने जातात. तट्टं भरणं, उतरवणं, हाकणं हे काम मुख्यतः बायकांचं. शेजारून उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत कर्कश गाणी लावून जातात, एसटी हॉर्न मारते, आणि ते तट्टू कान हलवून पुढचं पाऊल टाकतं.

हे काट्याच्या लगामाने होत नाही. पाठीवर पोर आहे आणि जनावर माणसाला घाबरलेलं आहे, असा संसार एक मुक्काम चालणार नाही. वाड्यात सगळं गोडीगुलाबीचं चालतं असा माझा दावा नाही. तिथेही काठी बसते, पाठीला जखमा होतात, पुढच्या पायांना पायबंद घालून जनावर चरायला सोडतात. पण तिथे घोडा कशासाठी निवडला गेला, ते बघा. थंड डोक्यासाठी. पिढ्यान्‌पिढ्या जे शिंगरू बिचकायचं, दुगाण्या झाडायचं ते विकलं गेलं, आणि जे उभं राहायचं त्याची वीण वाढली. भीमथडीची खरी कमाई तिच्या उंचीत नाही की रंगात नाही, तिच्या स्वभावात आहे.

आता बाजार काय मागतो? उसळी. मान ताठ, डोळे मोठे, हलगीवर थुई-थुई. ऊसाचं बिल आलं की पोराला घोडा हवा असतो, दारात उभा करायला आणि जत्रेत नाचवायला. अकलूजला नाही मिळाला तर दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला. तिथे भोवरे तपासतात, पाय किती पांढरे ते मोजतात, आणि व्यापारी लगाम खेचून घोडा दोन पायांवर उभा करून दाखवतो. भीमथडीचा शिक्का आता लागलाच आहे, तर उद्या याच बाजारात भीमथडीची 'नाचकाम' जोडी चढ्या भावाने निघणार. आणि भाव ज्याला, वीण त्याची. जे शेकडो वर्षं निवडून काढून टाकलं, तेच आपण पंधरा-वीस वर्षांत परत पेरू, वर नोंदणीचं प्रमाणपत्रही लावू.

भाषेने इथे आपल्याला फसवलंय. घोडा शिकवणाऱ्याला आपला जुना शब्द काय? चाबुकस्वार. म्हणजे शिक्षकाच्या नावातच चाबूक. आणि जे शिकत नाही ते अडेलतट्टू. दोष नेहमी तट्टाचा.

घोडा शिकतो कसा, हे समजून घेतलं की हा दोष कुणाच्या पदरात पडतो ते कळतं. समजा एक वर्षाचं शिंगरू आहे, गळ्यात दोर आहे, आणि तुम्हाला ते आपल्यामागे चालायला हवंय. तुम्ही ओढलं तर ते मागे ओढेल. दाबाच्या उलट ढकलणं ही घोड्याची उपजत सवय. म्हणून ओढायचं नाही. दोर फक्त तंग करायचा, करंगळीला जाणवेल इतका, आणि तसाच धरून थांबायचं. वाढवायचा नाही, कमीही करायचा नाही. शिंगरू मान वर करेल, बाजूला बघेल, कदाचित एक पाऊल मागे जाईल. तुम्ही तिथेच. मग कधीतरी ते वजन जरासं पुढे टाकेल. पाऊल नव्हे, फक्त वजन. त्याच क्षणी ढील. पतंगाला देतात तशी, पूर्ण. मग काही सेकंद काहीच करायचं नाही. ते ओठ चघळेल, मान खाली घेईल, एक लांब श्वास सोडेल. मग पुन्हा.

दाबाने घोडा फक्त काहीतरी शोधायला लागतो. काय बरोबर होतं, हे त्याला ढील सांगते. म्हणून सगळा खेळ ढिलीच्या वेळेचा. शिंगराने टापा उगारल्या आणि तुम्ही घाबरून दोर सोडलात, तर टापा उगारणं हे बरोबर उत्तर आहे असं तुम्ही त्याला शिकवलंत. आणि त्याने बरोबर उत्तर दिलं तरी तुम्ही दोर तंगच ठेवलात, तर काहीही केलं तरी सुटका नाही हे शिकवलंत. असं जनावर हळूहळू निबर होतं, मग त्याला जास्त ओढावं लागतं, मग काटे लागतात. अडेलतट्टू असं घडवलं जातं.

यात घोड्याच्या बाजूने काही कमी पडत नाही. अंगावर बसलेली माशी त्याला कातडीवर जाणवते आणि तेवढीच कातडी तो थरथरवतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे नाकासमोरची आणि शेपटीमागची थोडी जागा सोडली तर सगळं त्याला दिसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा बेरजा-वजाबाक्या करतो म्हणून गाजला होता. टाप आपटून उत्तर द्यायचा. १९०७मध्ये ओस्कार फुंगस्ट या संशोधकाने त्याचं कोडं सोडवलं. हान्सला गणित येत नव्हतं. बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची किंचित हालचाल व्हायची, अंगातला ताण सैल व्हायचा, आणि हान्स थांबायचा. विचारणाऱ्यालाही पत्ता नसायचा. लोकांना वाटलं, घोड्याचं बिंग फुटलं. मला ही गोष्ट उलटी वाटते: माणसाला स्वतःच्या अंगाचं जे कळत नाही ते घोडा वाचतो. २०१६मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्यांना अनोळखी माणसांचे रागीट आणि हसरे फोटो दाखवले, तर रागीट चेहऱ्यापुढे घोड्यांची धडधड लवकर वाढली. नुसता फोटो. आणि आपण त्याच्यासमोर खांदे रोखून, डोळ्यांत डोळे घालून, ओरडत उभे राहतो. त्याला खांद्याच्या बाजूने, तिरकं, नजर जमिनीकडे ठेवून गेलं तर निम्मं काम दोराशिवाय होतं.

आता आक्षेप. 'जनावर डोक्यावर बसेल.' ज्यांना वाटतं की हळुवार म्हणजे गूळ चारणं आणि गालाला गाल लावून सेल्फी काढणं, त्यांच्या डोक्यावर ते बसेलही. हळुवार पद्धतीत दाब असतोच. हद्द असते आणि ती रोज तीच असते. फरक इतकाच, की बाहेर पडायचं दार प्रत्येक वेळी उघडं असतं.

'हे परदेशी फॅड आहे.' अमेरिकेत टॉम डॉरन्स, रे हंट अशा गुराख्यांनी हे नीट मांडलं, शिकवलं, खरं आहे. त्यांचे व्हिडिओ तुमच्या फोनवरच आहेत. पण त्यातही डोळे उघडे ठेवा. गोल कुंपणात घोडा दमेपर्यंत पळवायचा आणि शेवटी तो थकून जवळ आला की 'बघा, त्याने मला स्वीकारलं' म्हणायचं, असं बरंच चालतं. हात न लावता घातलेली भीती ही भीतीच. गोऱ्या माणसाने टोपी घालून केली म्हणून तिला प्रेम म्हणायचं कारण नाही. निरवांगीच्या माळावर सकाळी बिऱ्हाड भरताना तट्टाच्या मानेवर हात ठेवून ते हलायचं थांबेपर्यंत थांबणारी बाई यूट्यूबवर नाही, एवढंच.

'वेळ कुणाला आहे?' हा खरा आक्षेप, आणि प्रामाणिकही. लग्नसराई तोंडावर असते, घोड्यावर कर्ज असतं, खाणं महाग, आणि वस्ताद सांगतो महिन्यात नाचवून देतो. यात पोट असलेल्या माणसावर मी चिडत नाही. मी चिडतो ते सुपारी देणाऱ्यावर. घोडी बाजेवर चढवली नाही तर वरात अडत नाही. मागणी आपली आहे, पुरवठा त्याचा.

आणि याच तालुक्यात आपण दुसरा घोडाही बघतो. आषाढीच्या वाटेवर बेलवाडीला तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण होतं. टाळ-मृदंगाचा कल्लोळ, माणसांची दाटी, आणि मधल्या मोकळ्या कड्यातून स्वार नसलेला अश्व धावत सुटतो. तो गेला की लोक वाकून टापांखालची माती कपाळाला लावतात. तीच माणसं, तोच तालुका, चार-सहा महिन्यांनी लग्नाच्या मांडवात काट्याच्या लगामावर नोटा ओवाळतात.

जातीची नोंद झाली, आता स्वभावाचीही नोंद व्हायला हवी. प्रदर्शनांत आणि बाजारांत भीमथडीला बक्षीस द्यायचं तर उंची-रंगाबरोबर हेही तपासा: ढिल्या दोरावर चालतं का, चारी खूर न बांधता उचलू देतं का, पाठीवर ओझं चढवताना उभं राहतं का, शेजारून ट्रॅक्टर गेला तर काय करतं. काटेरी लगाम घालून आलेला घोडा दारातूनच परत पाठवा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, १९६५चा पुरतो. आणि परीक्षक म्हणून पागावाल्यांच्या शेजारी वाड्यावरच्या एखाद्या म्हातारीला खुर्ची द्या, मानधनासकट. या जातीबद्दल तिच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

तुमच्या हातात फोन आहे, तेही काही कमी नाही. ते रील पुन्हा समोर आलं तर आवाज बंद करून बघा. हलगी काढून टाकली की उरतं ते बघा: कान मागे चिकटलेले, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, तोंड उघडं. आणि दिवाळीत अकलूजला घोडे बघायला गेलात, कुणी लगाम खेचून दोन पायांवर उभा करून दाखवायला लागला, तर त्याला म्हणा, मामा, दोर सोडा की जरा. चालवून दाखवा तसाच.