जुनी मोटार सजवावी की मोटारसायकल घ्यावी?

पाडवा किंवा दसरा जवळ आला, की बाह्यरुग्ण विभागात रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घेता घेता एक प्रश्न हमखास येतो. ‘‘डॉक्टर, घरात बारा वर्षांची जुनी मोटार आहे. लाख-सव्वा लाख रुपये बाजूला पडलेत. मुलगा म्हणतो, अलॉय चाकं, नवे दिवे, म्युझिक सिस्टीम टाकून गाडीला नवं रूप देऊ. नाहीतर तेवढ्याच पैशांत मोटारसायकल येते. काय करावं?’’

हा प्रश्न डॉक्टरला कशाला, असे कोणाला वाटेल. पण या निर्णयाचा शेवटचा हिशेब पुष्कळदा सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागातच होतो. तिथे वर्षानुवर्षे रात्रपाळ्या केलेल्या माणसाला रंग, मायलेज आणि हप्ता यांच्याआधी त्या वाहनावर बसलेले शरीर दिसते. म्हणून माझे मत सुरुवातीलाच सांगतो. या लाखातला पहिला रुपया जुन्या मोटारीचे ब्रेक, टायर, सीटबेल्ट आणि दिवे यांवर जावा. तिच्या दिसण्यावर नको. मोटारसायकल रोजच्या कामाला खरोखर लागत असेल तर जरूर घ्यावी, पण एका माणसाचे, फार तर दोघांचे वाहन म्हणून. कुटुंबाच्या मोटारीची जागा ती घेऊ शकत नाही.

आकडे नीट वाचू

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. मृतांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते, तर मोटार, टॅक्सी आणि हलक्या वाहनांतले सुमारे १२.५ टक्के. मरण पावलेल्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयोगटातले, म्हणजे घरातली कमावती माणसे.

यावर एखादा चिकित्सक वाचक म्हणेल, की देशात नोंद झालेल्या वाहनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश दुचाकीच आहेत. मग मृत्यूंतला त्यांचा वाटा उलट कमीच नाही का? प्रश्न रास्त आहे. पण नोंदणीच्या आकड्यांत वर्षानुवर्षे अंगणात गंजत पडलेल्या दुचाकीही मोजल्या जातात. मोटार वर्षाला साधारणपणे जास्त किलोमीटर धावते, महामार्गावर अधिक जाते आणि तिच्यात चार-पाच माणसे बसतात. त्यामुळे खरी तुलना वाहनांच्या संख्येवर नव्हे, तर कापलेल्या अंतरावर करायला हवी. अमेरिकेत अशी मोजणी होते. तिथे तेवढेच अंतर कापताना मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचे प्रमाण मोटारीत बसलेल्यापेक्षा वीस पटींहून अधिक आढळते. तिथल्या मोटारसायकली आणि रस्ते आपल्यापेक्षा वेगळे आहेत, म्हणून ही पट जशीच्या तशी इकडे लावू नये. दिशा मात्र तीच राहते.

शरीर आणि रस्ता यांच्यामध्ये काय आहे?

याचे कारण शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे शरीर एखाद्या कठीण वस्तूवर आदळले, तर तो आघात सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ही ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. मोटारीत पुढचा पत्रा चेपतो, सीटबेल्ट शरीराला धरून ठेवतो आणि शरीर थांबायला थोडे अंतर, थोडा वेळ मिळतो. मोटारसायकलवर चेपायला काही नाही. चालक वाहनापासून सुटतो आणि रस्त्यावर, दुभाजकावर किंवा दुसऱ्या वाहनावर आदळतो. डोक्यापुरते हे काम हेल्मेटमधला दोन-तीन सेंटिमीटरचा फेस करतो. बाकीच्या शरीराला तेवढेही कवच नाही.

म्हणूनच दुचाकीच्या जखमांची एक ठरावीक ओळख असते. नडगीवरची कातडी पातळ आणि खालचा रक्तपुरवठा मर्यादित, त्यामुळे तिथले हाड कातडी फाडून बाहेर आले की जंतुसंसर्ग होतो आणि हाड जुळायला महिनोन् महिने लागतात. खांदा एकीकडे आणि मान दुसरीकडे ताणली गेली, की मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा तुटतो. पंचविशीतला तरुण वाचतो, पण त्याचा हात कायमचा लुळा पडतो. डोक्याला मार लागलेले काही जण बरे होऊन घरी जातात आणि काही महिन्यांनी माझ्यासारख्या फिजिशियनकडे येतात. कोणाला फिट येऊ लागलेली असते, कोणाच्या लक्षात काही राहत नाही. ‘‘पूर्वी इतका शांत होता, आता घरात आदळआपट करतो,’’ असे आई सांगते. मृत्यूच्या आकड्यांत ही माणसे कुठेच दिसत नाहीत.

सजावटीने काय वाढते?

मग जुनी मोटारच बरी, असे म्हणून लाख रुपये तिच्या नटण्यावर घालावेत का? तर नाही. जुन्या मोटारीची एक मर्यादा आधी मान्य करायला हवी. आपल्याकडे चालकासाठी एअरबॅग सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून. चाके जाम होऊ न देणारी एबीएस ही ब्रेक यंत्रणाही त्याच वर्षी सर्व नव्या मोटारींना बंधनकारक झाली. त्याआधीच्या अनेक स्वस्त मॉडेलांत या दोन्ही गोष्टी नाहीत आणि त्या गॅरेजमध्ये मागाहून बसवून घेता येत नाहीत. एअरबॅग ही गाडीचा सांगाडा, संवेदक आणि सीटबेल्ट यांच्याशी जुळवलेली यंत्रणा असते. नुसती पिशवी आणून लावायची ती गोष्ट नाही.

सजावट मात्र असलेली सुरक्षाही कमी करू शकते. मूळ मापापेक्षा मोठी चाके बसवली, तर वळणावर टायर घासतात, गाडी हाताला वेगळी लागते आणि वेगमापक चुकीचा वेग दाखवतो. दिव्यांसाठी आणि हॉर्नसाठी वायर कापून जोडल्या, की शॉर्टसर्किटचा धोका उभा राहतो. डोळे दिपवणारे पांढरे दिवे समोरच्याला क्षणभर आंधळे करतात. मोतीबिंदू सुरू झालेल्या माणसाला तर तो झोत अधिकच त्रास देतो. पुढे लावलेला लोखंडी बार धक्का शोषण्याऐवजी थेट सांगाड्यात पोचवतो आणि पादचाऱ्याला अधिक जबर इजा करतो. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये या बारवर बंदी घातली आहे. आणि एक अगदी साधी गोष्ट : नवे सीट कव्हर घातले, की मागच्या सीटबेल्टचे कुलूप त्याखाली गाडले जाते आणि ते पुन्हा कोणी वर काढत नाही.

कायद्याचेही भान ठेवावे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत मनाजोगे बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. सीएनजी किट बसवता येते, पण ते मान्यताप्राप्त हवे, आरटीओकडून नोंदणी पुस्तकात नोंद हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी हवी. विनापरवाना केलेल्या बदलांमुळे अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. रुग्ण अतिदक्षता विभागात आणि नातेवाईक विम्याच्या कागदांत, ही वेळ कोणावर येऊ नये.

मग पैसे कशावर?

जुन्या मोटारीवर खर्च करायचाच, तर क्रम असा असावा. आधी टायर. त्यावरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल, तर टायर बाद. बाजूला चार आकडे कोरलेले असतात; पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ‘२३१८’ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होते आणि पावसात घसरते. त्यानंतर ब्रेकचे पॅड आणि ब्रेक ऑइल, मग सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे सांधे, पिवळट पडलेल्या दिव्यांच्या काचा, वायपरचे रबर. आणि पाचही सीटबेल्ट : ओढून, झटका देऊन, कुलपात बसवून तपासावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पुढच्या सीटवरच्या माणसाचा मृत्यूचा धोका सीटबेल्टमुळे ४५ ते ५० टक्क्यांनी कमी होतो. मागे बसलेल्यालाही तो तितकाच आवश्यक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघातात मृत्यू झाला. मागे बसलेल्या दोघांनीही सीटबेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. गाडी महागडी असली, तरी सीटबेल्टला पर्याय नाही.

ही सगळी डागडुजी बहुतेक छोट्या मोटारींसाठी सजावटीपेक्षा स्वस्तात होते. उरलेले पैसे साठवावेत आणि दोन-तीन वर्षांनी ही गाडी विकून एअरबॅग आणि एबीएस असलेली अलीकडची वापरलेली गाडी घ्यावी. माझ्या दृष्टीने जुन्या गाडीतली खरी सुधारणा हीच. मात्र सांगाडाच गंजला असेल, तर तिच्यावर एक रुपयाही खर्चू नये.

मोटारसायकल घ्यायचीच असेल तर

मोटारसायकलला नावे ठेवणे सोपे आहे. पहाटे दूध घालणारा, तीन पाळ्यांत एमआयडीसीत जाणारा, जिथे एसटी दिवसातून दोनदाच येते अशा गावात राहणारा, यांना दुचाकीशिवाय गत्यंतर नाही. बस वेळेवर आणि पुरेशा आल्या असत्या, तर यांतल्या कित्येकांनी हप्ता डोक्यावर घेतलाच नसता. म्हणून बसगाड्या वाढवण्याची मागणी ही मला आरोग्याचीही मागणी वाटते. पण तोवर ज्याला दुचाकी लागतेच, त्याने किमतीतच तीन गोष्टी धराव्यात.

पहिली एबीएस. ते १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून सक्तीचे आहे; ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक दाबल्यावर त्याची किंमत कळते. दुसरी, आयएसआय शिक्क्याची दोन हेल्मेट. एक चालकाचे, एक मागच्याचे. २०२२ साली हेल्मेट न घालता ५० हजार २९ जण मेले आणि त्यांतले १४ हजार ३३७ मागे बसलेले होते. उपलब्ध संशोधनाच्या एकत्रित पाहणीत हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराचा मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटलेला दिसतो. एवढे स्वस्त आणि एवढे गुणकारी औषध माझ्याकडे दुसरे नाही. मात्र हनुवटीखालचा पट्टा न लावलेले हेल्मेट रस्त्यावर माणसाच्या आधी उडून जाते. तिसरी गोष्ट म्हणजे घोट्यापर्यंतचे बूट, हातमोजे आणि जाड जाकीट. टाकीवर एक मूल, मध्ये दुसरे आणि मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आई, हे दृश्य आपल्याला इतके सरावाचे झाले आहे, की त्यातला धोका दिसेनासा झाला आहे. चार वर्षांखालील मूल दुचाकीवर न्यायचे तर त्याला हेल्मेट, चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे.

शेवटी डॉक्टर म्हणून एक गोष्ट, जी विक्रेता विचारणार नाही. ज्याला फिट येतात, त्याने वाहन चालवूच नये. इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी दुचाकीवर बसू नये. मोटारीत गरगरले, तर बाजूला थांबायला थोडी तरी उसंत मिळते. दोन चाकांवर तोल गेला की माणूस खाली. सर्दीच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी झोप येते, हे मला जवळजवळ प्रत्येक पावसाळ्यात सांगावे लागते. काचबिंदूत कडेची नजर जाते. मधुमेहात तळपायाची संवेदना जाते आणि ब्रेकवर पाय किती पडला ते कळत नाही. रात्री घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाने आधी झोपेची तपासणी करावी. पन्नाशीनंतर हौसेने पहिली मोटारसायकल घेणाऱ्याने डोळे, साखर आणि चालू असलेली औषधे एकदा आपल्या डॉक्टरांना दाखवून मग शोरूम गाठावे.

तेव्हा मुलाशी बोलताना ‘कोणती दिसायला भारी’ हा वाद बाजूला ठेवा. रोज किती किलोमीटर जायचे, कोणत्या रस्त्याने, दिवसा की रात्री, एकट्याने की घरच्यांना घेऊन, हे एका कागदावर लिहा. बहुतेक घरांत त्या कागदावरच उत्तर मिळेल. मिळाले नाही, तर येत्या रविवारी गाडी ओळखीच्या मेकॅनिककडे न्या आणि आधी तिचे ब्रेक व टायर दाखवा. अलॉय चाके थांबतील.